नाव काय ठेवू, नर्सबाई?

माझं नाव कोंडाबाई. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मी तेवढा वेळ देणार नाही.

जन्म माझा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाकडच्या धानपट्ट्यातला. माझ्याआधीची आईची लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून मी जन्मले तशी आजीनं मला सुपात घातलं, शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि ओंजळभर कोंडा देऊन तिच्याकडून परत विकत आणलं. धानाचा कोंडा, जो बैलापुढे टाकतात तो. काळानं घरात डोकावलंच तर त्याला वाटावं, ही तर कोंड्याच्या भावाची पोट्टी, हिला नेऊन काय करू! युक्ती लागू पडली. काळ फसला आणि मी सरकारी पेन्शन खाते आहे.

शाळेत या नावापायी मी पुष्कळ रडले. हजेरी घेताना गुरुजींनासुद्धा हसू यायचं. पण नर्स झाले, गडचिरोली-चंद्रपूरची गावं पायाखालून घातली आणि ध्यानात आलं की आपण एकट्या नाही. उकंडाबाई भेटली, म्हणजे उकिरड्यावर ठेवून उचलून आणलेली. चिंधाबाई भेटली, तिला पहिली काही वर्षं मुद्दाम फाटक्या चिंध्यांत गुंडाळलं होतं. फेकाबाई भेटली. एकदा लसीकरणाला आम्ही तिघी एका ओट्यावर बसलो होतो, उकंडा, चिंधा आणि मी कोंडा, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "बाप्पा, आज गावचा सारा कचरा इथीच जमा झाला!" आम्ही पोट धरधरून हसलो. कारण आम्हाला माहीत होतं, ज्या पोरीचं नाव सगळ्यात वाईट, तिच्यावर घराचा जीव सगळ्यात जास्त. नावं ठेवणं आणि नाव ठेवणं यातला फरक आमच्या आयांना बरोबर कळत होता.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी उपकेंद्राची नर्सबाई होते. गरोदर बायका तपासायच्या, बाळंतपणं करायची, लसी टोचायच्या, गावोगाव फिरायचं. डॉक्टर मोठ्या दवाखान्यात, नर्सबाई गावात. बाळाला जगात सगळ्यात आधी हात लावणारी मीच, त्यामुळे लोकांचा पक्का समज की नाव सुचवणंही बाळंतपणातच येतं. नाळ कापून हात धुवायच्या आत प्रश्न यायचा, "नाव काय ठेवू, नर्सबाई?" मुलगा असला तर आजोबा, मामा, सरपंच, सगळ्यांकडे नावं तयार. मुलगी असली की सगळे माझ्याकडे बघायचे. मला याचा आधी राग यायचा, मग मी त्याचा फायदा घ्यायला लागले. पोरींची नावं हा माझा छंद झाला. कुणाला नाणी जमवायची हौस, मला नावांची. नाव कुठून आलं, कुणी ठेवलं, अर्थ काय, हे विचारल्याशिवाय मी घरातून निघतच नसे. चहा नको म्हणायची, गोष्ट सांगा म्हणायची.

सावलीला एक जोडपं होतं. नवरा मोबाईलवाला, हाताचा अंगठा सतत चालू. त्याला मुलीचं नाव असं हवं होतं की जे जिल्ह्यात कुणाचंच नसेल. आणि महाराजांनी पत्रिका पाहून अक्षर काढून दिलं 'ढ'! आता 'ढ'वरून मोबाईल तरी काय दाखवणार? आठवडाभर घरात नुसती धुसफूस. बाळंतीण मला म्हणाली, "बाई, ढ नं नाव ठेवलं तं शाळेत पोट्टीले सारे ढच म्हणतीन. मी ठेवू देनार नाई." नवरा म्हणाला, "अक्षर बदललं तं दोष लागते." मी गंमत बघत बसले होते. शेवटी कोपऱ्यात तांदूळ निवडत असलेली सासू सूप आपटत म्हणाली, "काऊन भांडून राह्यले रे? ढग म्हना तिले घरात. अन् बाहेर मेघना म्हना. ढग न मेघ एकच हाय ना!" पत्रिकाही खूश, शाळाही खूश. ती मेघना आता लगोरी खेळताना आजीनं "ढगे!" अशी हाक मारली की बरोबर वळते.

आरमोरीला बांगड्यांचं दुकान असलेले हमीदभाई होते. त्यांच्या घरी लागोपाठ मुलीच. नातेवाईक तोंड पाडून बसलेले, आणि हा माणूस पेढे घेऊन माझ्या दारात. "सिस्टर, सिदरा नाम रखा है." मी लगेच पिशवी खाली ठेवली. अर्थ काय? तर म्हणाले, "बेर का पेड. सातवें आसमान पे है, आखरी हद पे. उसके आगे फरिश्ते बी नई जा सकते." बेर का पेड, म्हणजे आपली बोर! शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची, काटे लागले की आपण शिव्या घालतो ती! तीच बोर तिकडे स्वर्गाच्या शेवटच्या धुऱ्यावर उभी आहे, हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्यांच्याच पेढ्यातले आणखी दोन उचलले. तेव्हापासून बोरीखालून जाताना मी काटा टोचला तरी वाईट बोलत नाही. हमीदभाईंना म्हटलं, "भाऊ, तुमच्या दुकानात बांगड्या भरायला आलेल्या प्रत्येक बाईला ही गोष्ट सांगा." ते म्हणाले, "बताके बताके मेरा मुंह दुख गया, सिस्टर."

पण नावांची खरी मजा मला भामरागडकडे बदली झाल्यावर कळली. जाताना मी रडतच गेले होते, हे कबूल. रस्ता पावसाळ्यात बंद, नदीचं पाणी पुलावर आलं की जग तिकडे आणि आपण इकडे. तिथल्या माडिया गावांत नावं अगदी मोकळी. बुधवारी जन्मली ती बुधरी, सोमवारची सोमारी. सरकारी जीप नाल्याच्या काठावर अडकली आणि तिथेच जन्मली, तिचं नाव जीपे! आंब्याच्या झाडाखाली जन्मली ती मरका, कारण गोंडीत आंब्याला मरका म्हणतात. मी अर्थ विचारत सुटायचे आणि बायका हसायच्या, "हे बाई सुया टोचाले येते का नावं खायाले येते?" सिरोंच्याकडची एक सहकारी होती, तिच्याकडून पोचक्का, समक्का ऐकले. देवीचं नाव आणि पुढे अक्का, म्हणजे लेक जन्मली ती थेट थोरली बहीण होऊनच! मला वाटायचं, या दोन जिल्ह्यांइतकी श्रीमंत जागा दुसरी नाही.

मात्र माडिया घरांत एक नाव असं असतं जे ठेवायचं नसतं, शोधायचं असतं. हे मला सांगूनही कळलं नसतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि सगळं सोडून तेच सांगायला आज बसले आहे.

पाऊस चांगलाच लागलेला होता. नाल्यापलीकडच्या गावातून सोनी आली, ती तिथली आशा सेविका. म्हणाली, "बाई, जैनीच्या पोटात दुखून राह्यलं. नाला अजून पार होते, चला लवकर." आम्ही कमरेइतक्या पाण्यातून पिशवी डोक्यावर घेऊन गेलो. जैनीचं हे पहिलंच. नवरा मंगरू अंगणात नुसता येरझाऱ्या घालत होता, आणि सासू बुधरी चुलीपाशी पाणी तापवत बसली होती. बुधरी म्हणजे वाळलेली, ताठ, कमी बोलणारी म्हातारी. भामरागडच्या बाजारात मोहफुलं आणि डिंक विकून मराठी शिकलेली. दुपारी बाळंतपण झालं. मुलगी. वजनानं जराशी कमी, पण रडली छान. मी मनात म्हटलं, चला, आता नावाची गोष्ट ऐकू आणि पाणी चढायच्या आत परत जाऊ.

पोरगी दूधच प्यायना.

छातीशी धरली की तोंड फिरवायची. ओठ मिटलेले. आधी मी काळजी केली नाही, काही बाळं आळशी असतात. पण वेळ जात गेला तशी ती रडायचीही थांबली. पाय गार लागायला लागले. नुकत्या जन्मलेल्या बारीक बाळानं प्यायचं सोडलं, गार पडलं, सुस्त झालं, तर त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं. एवढं प्रत्येक नर्सला झोपेतही पाठ असतं. मंगरूनं खाटेला दोर बांधून चार माणसं उभी केली. तेवढ्यात नाल्याकडे गेलेला माणूस परतला आणि मान हलवली. पाणी झाडांच्या फांद्यांना लागलं होतं. मोबाईलला तर तिथे उन्हाळ्यातही रेंज नसते.

मग जे हातात होतं ते केलं. बाळाला उघडं करून जैनीच्या छातीवर ठेवलं, कातडीला कातडी, वरून लुगडं आणि घोंगडं. आईच्या अंगाची ऊब, यापेक्षा चांगली काचेची पेटी अजून कुणी बनवलेली नाही. चीक पिळून वाटीत घेतला आणि चमच्यानं ओठाला लावला. थोडा आत गेला, बराचसा बाहेर आला. जैनी घाबरून थरथरत होती, आणि आई घाबरली की दूधही अडतं. मी तिला धीर देत होते, पण माझाच आवाज मला परका वाटत होता.

बुधरी उठली. हात धुतले, जैनीच्या उशाशी येऊन बसली आणि मला म्हणाली, "बाई, थे रुसली हाय."

"कोण रुसली?"

"पोट्टी. आली हाय, पन कोन आली थे कोनीच विचारलं नाई. वळखल्याबिगर दूध कशी पेईल?"

सोनीनं मला समजावलं. घरातली गेलेली माणसंच लेकरं होऊन परत येतात. पण कोण आलं हे लेकरू सांगू शकत नाही. म्हणून गेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची आणि प्रत्येक नावाला त्याला छातीशी धरायचं. ज्या नावाला ते दूध घेईल, ते त्याचं नाव.

माझं डोकं तापलं. बाळ गार पडतंय आणि ही नावं काय घेत बसते! बोलणारच होते, पण म्हातारीनं सुरुवातही केली होती. आपल्या सासूचं नाव घेतलं. जैनीनं बाळाला छातीशी लावलं. नाही. सासूच्या सासूचं नाव घेतलं. पुन्हा लावलं. नाही. आणि तिसऱ्या नावाला माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं कोंडा, प्रशिक्षणात तुला दुसरं काय शिकवलं होतं? वारंवार छातीशी धरा, कंटाळू नका, आईचं मन गुंतवा! जैनीची थरथर थांबली होती. ती आता घाबरत नव्हती, ती कान देऊन ऐकत होती. तिला हातात काम मिळालं होतं.

मी पुढे सरकले आणि आमची जोडी जमली. म्हातारी नाव घ्यायची, मी बाळाची हनुवटी धरून तोंड नीट वळवायची, चिकाचा थेंब ओठावर सोडायची. नाव, थेंब. नाव, थेंब. मंगरूच्या आज्या, आत्या, चुलत आज्या, सगळ्या नावानं त्या खोलीत येऊन गेल्या. बाळाचे पाय कोमट झाले, डोळे उघडले. मी ओरडलेच, "घ्या, घ्या, अजून घ्या!" बाहेरच्या बायकाही दारात दाटल्या, कुणाला आठवेल ते नाव आत फेकत होत्या. मला तर एखाद्या शर्यतीत असल्यासारखं वाटत होतं. आत्ता पिईल, या नावाला पिईल!

आणि नावं संपली.

बाळ जागं होतं, ओठ हलवत होतं, पण घट्ट धरत नव्हतं. मी म्हटलं, "आजी, थांबू नका. आणखी कोणी तरी असेल." म्हातारीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती जमिनीकडे बघत होती.

सोनी माझ्या कानाशी लागली. "एक हाय, बाई. पन थे नाव घेत नाई." बुधरीला मंगरूच्या आधीची एक मुलगी होती. मंगरू अगदी लहान असताना ती पहिल्याच बाळंतपणात गेली, पोटातल्या लेकरासकट. अशा बाईला इथे इतरांबरोबर पुरत नाहीत, गावाबाहेर वेगळ्या बाजूला पुरतात. तिचं नाव कुणी घेत नाही, घेतलं तर ती मागे येते आणि बाळंतिणीला त्रास देते म्हणतात. तिचं नाव लेकराला ठेवणं तर लांबच. ती गेल्यापासून बुधरीनं तिच्या नावाची हाक एकदाही मारली नव्हती.

दारातली एक वयस्क बाई सगळं समजून मोठ्यानं म्हणाली, "हिल्ले, हिल्ले!" म्हणजे नाही, नाही. बुधरी जागची हलली नाही. मला तिची दया आली आणि रागही आला, कुणाचा ते मला सांगता येणार नाही. बाळंतपणात बाई मेली तर त्यात तिचा काय गुन्हा? त्या वेळी तिच्या उशाशी कुणी नर्स पोचली नव्हती, एवढंच. पण हा निर्णय माझा नव्हता. नाव घेतलं आणि जैनीला किंवा बाळाला काही झालं, तर म्हातारीला त्या घरात उभं राहायला जागा उरली नसती. आणि न घेतलं तर?

बोलली ती जैनी. दिवसभर तिनं कण्हण्यापलीकडे शब्द काढला नव्हता. सासूचा हात धरून ती म्हणाली, "घे, आत्या. थे माझी नणंद होय. बिचारीले आपलं लेकरू पाजाले भेटलं नाई. मी तिले पाजतो. मले कायचा भेव?"

मग बुधरीनं वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "पिट्टे."

मी थेंब सोडला. पोरगीनं आ वासला. असा मोठा आ, की मला टाळू दिसली! आणि तिनं छाती घट्ट धरली. चट, चट, चट आवाज यायला लागला. तो आवाज मी नोकरीभर ऐकला, पण त्या दिवशीसारखा कधीच नाही. दारातल्या बायका एकदम बोलायला लागल्या. सोनी रडत होती, मंगरू खाटेचे दोर सोडताना हसत होता, आणि ती 'हिल्ले' म्हणणारी बाई सगळ्यांच्या पुढे घुसून बघत होती. मी तर चक्क टाळ्या वाजवल्या.

लोक मला विचारतात, बाई, तुम्ही नर्स असून यावर विश्वास ठेवता? मी सांगते, बाळाला ऊब आली होती, चीक पोटात जात होता, आई शांत झाली होती, ते पिणारच होतं. आणि हेही सांगते की पिट्टे म्हटल्यावरच प्यायलं. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांदेखत झाल्या, त्यातली एक मी का टाकून देऊ? अर्धं श्रेय माझं, अर्धं म्हातारीचं. वाटणीवरून आमचं कधी भांडण झालं नाही.

छंद काही सुटत नाही, मी अर्थ विचारलाच. पिट्टे म्हणजे पाखरू. म्हातारी चुलीशी बसून सांगत होती, "माझी पिट्टे जन्मली तवा दिवसभर तोंड वासून राहे. घरट्यातल्या पिल्लावानी. दूध देल्लं तरी आ, नाई देल्लं तरी आ. तिच्या बापानं हासून नाव ठेवलं." एवढं बोलून ती खूप हसली. मग मुलीच्या एकेक खोड्या सांगत सुटली. कुठल्या झाडावरून पडली, बाजारात कशी हरवली, पळसाच्या पानांचे द्रोण कसे वाकडे लावायची. मंगरूला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तो बहिणीची गोष्ट पहिल्यांदा ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप झाली आणि नाला उतरल्याचा निरोप आला. बाळाचं अंग ऊबदार होतं, लघवी झाली होती, पिणं चालू होतं. मी जैनीला सगळं समजावलं, पाणी आणखी उतरलं की मायलेकींना दवाखान्यात दाखवून आणायचं सोनीला बजावलं आणि पिशवी उचलली. अंगणात आले तर बुधरी कुंपणाशी उभी होती. गावाबाहेरच्या त्या बाजूकडे तोंड करून. दोन्ही हात तोंडाशी नेऊन ती हाक मारत होती, शेतात खेळायला गेलेल्या पोरीला मारतात तशी, खणखणीत, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी.

"पिट्टे! ए पिट्टे! पेज झाली वो, जेवाले ये!"

शेजारपाजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणीच तिला अडवलं नाही.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आजी, ती तर आत आहे. आईजवळ दूध पिते आहे."

"मले माहीत हाय," म्हातारी म्हणाली. "मले आवाज देऊ दे." आणि तिनं पुन्हा हात तोंडाशी नेले.